नानांचं पिवळं ताट

नानांनी मला खोली दाखवण्याआधी माझी बादली पाहिली.

शाळेतल्या नोकरीसाठी मी जळगावात नवीनच आले होते आणि घरमालक म्हटलं की काय काय विचारतात याची मनात तयारी करून आले होते. लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, रात्री किती वाजेपर्यंत दिवा चालू असतो. नानांनी यातलं काहीच विचारलं नाही. रिक्षातून उतरवलेल्या सामानाकडे ते सरळ चालत गेले, बादली उचलून उलटी केली, बुडावर टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"मॅडम, ही उन्हाळा काढणार नाही," ते म्हणाले. "हिला पाणी भरून उन्हात ठेवत जाऊ नका."

बादली खरंच एप्रिलमध्ये तडकली. मी ती कचऱ्यात टाकायला निघाले तर नाना जिन्यात आडवे आले. त्यांनी ती काढून घेतली, गॅसवर जुनी सुरी तापवली, तडकलेल्या जागी कुठल्याशा मोडक्या खुर्चीचा तुकडा वितळवून चिकटवला आणि मला परत दिली. निळ्या बादलीला तपकिरी ठिगळ. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यात कुंडीची माती असते.

नानांनी उभी हयात एका प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात काढली होती. तयार झालेला पाइप बाजारात जाण्याआधी तपासायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी बोटाची सवय गेली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पिंप, मग, डबा, खुर्ची, सगळ्यांवर टिचकी. यजमानीणबाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत नानांचा तिच्या घराविषयी अंदाज बांधून झालेला असायचा. मला आधी वाटलं, हा चिक्कूपणा असेल. मग वाटलं, पर्यावरणाचं वेड असेल. पण पर्यावरणवाली माणसं प्लास्टिकला शिव्या देतात, आणि नानांसमोर प्लास्टिकला कुणी वाईट म्हटलं तर त्यांना राग यायचा.

"प्लास्टिकनी काय केलं तुमचं?" ते विचारायचे. "नातवाला पुरेल अशी वस्तू आहे ती. तुम्ही ती एका जेवणापुरती वापरता आणि नाल्यात फेकता. हा तिचा अपमान आहे."

हा 'अपमान' शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे. दुधाची पिशवी कात्रीने पूर्ण कापून कोपरा वेगळा केला की कोपऱ्याचा अपमान. वाढदिवसाच्या फुग्यांचा अपमान. शेतात ठिबकच्या जुन्या नळ्या पेटवून देणाऱ्या पाव्हण्याला तर त्यांनी भर चौकात सुनावलं होतं. नंतर स्वतः त्याच्या बांधावर जाऊन उरलेल्या नळ्या गुंडाळल्या आणि त्या वितळवून पुन्हा वापरणाऱ्या कारखान्यात टेम्पोने पोचवल्या. पाव्हणा वर्षभर बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःच फोन केला, नळ्या निघाल्यात म्हणून.

मला त्यांचं कुतूहल इतकं की आमच्या शाळेत पर्यावरण दिनाला पाहुणे म्हणून मीच त्यांचं नाव सुचवलं. मुख्याध्यापिका बाईंनी स्वागताला पुष्पगुच्छ दिला. नानांनी माइकसमोरच त्याचा चकचकीत कागद सोडवला, घडी घालून खिशात ठेवला आणि नुसती फुलं बाईंना परत दिली. मग मुलांना म्हणाले, घरातली सगळ्यात जुनी प्लास्टिकची वस्तू उद्या आणा. 'प्लास्टिक हटाव'चे फलक धरून बसलेली मुलं गोंधळली. दुसऱ्या दिवशी वर्ग भरून डबे, कंगवे, साबणदाण्या. एका मुलीने आजीची सुईदोऱ्याची डबी आणली होती, झाकणाचा रंग उडालेला. नानांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाले, हिची आजी शहाणी. बाईंनी मला पुढच्या वर्षी पाहुणा सुचवू दिला नाही.

आता ताटाविषयी सांगायला हवं.

नाना कुठल्याही लग्नाला जाताना स्वतःचं ताट नेत. पिवळ्या जाड प्लास्टिकचं, जाळीच्या पिशवीत घातलेलं, सायकलच्या हँडलला लटकवलेलं. त्याच्या एका काठाला हिरवं ठिगळ होतं. त्यांच्या मुलीने, जिला सगळी गल्ली ताई म्हणायची, लहानपणी ते ताट चुलीजवळ ठेवलं आणि काठ वितळला. आता मार बसणार म्हणून ती माळ्यावर लपली होती, असं नानी सांगायच्या. नानांनी न रागावता हिरवा तुकडा आणून काठ पुरा केला.

पंगतीत वाढपी कागदी ताट पुढे करायचा. नाना ते हातात घेऊन आतून नखाने खरवडायचे, प्लास्टिकचा पापुद्रा सोलून काढायचे आणि शेजाऱ्याला दाखवायचे, "हाई पाय, कागद म्हनतस आन् आतमा काय शे." मग स्वतःचं ताट मांडायचे. लोक हसायचे. पण वरण-बट्टी कुस्करताना त्या कागदी ताटांची काय दशा होते हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. वरण पँटवर आलं की हसणाऱ्याचं लक्ष आपोआप नानांच्या ताटाकडे जायचं.

गल्लीच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे लग्नाचं लॉन होतं. हंगामात रोज रात्री वरात आणि रोज सकाळी धूर. लॉनवाले रात्रीची ताटं, ग्लास, वाट्या काठावर ढकलून काडी लावायचे. जळलं ते जळलं, उरलेलं नाल्यात. तो धूर बरोबर नानींच्या स्वयंपाकघरात यायचा आणि त्या दिवसभर खोकायच्या. नाना लॉनच्या मालकाकडे कितीदा गेले असतील. तो माणूस गोड होता. दरवेळी चहा पाजायचा, तोही प्लास्टिकच्या इवल्याशा कपात.

"नाना, लोकांनाच लागतं," तो म्हणायचा. "तुम्ही एक लग्न करून दाखवा विनाकचऱ्याचं. मी उद्यापासून बंद करतो."

हे तो बोलला आणि त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलं.

ताई धुळ्याला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. मुलगाही धुळ्यात नोकरीला, घर सोनगीरचं, वडिलांचं भांड्यांचं दुकान. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे दुकानही जुनं आणि मानही जुना. सगळं जुळलं, आणि बैठकीत नानांनी अट घातली. लग्न मागच्या लॉनवरच होईल, आणि जेवण लोकांनी घरून आणलेल्या ताटात होईल.

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमचं भांड्यांचं दुकान," ते हळू म्हणाले, "आणि आमच्या वऱ्हाडाने काखेत ताटं मारून यायचं?"

नाना म्हणाले, त्यांच्या लहानपणी पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात गावजेवण असंच व्हायचं. दवंडी पिटायचे, ताट-तांब्या घेऊन या म्हणून. कुणाचा मान गेला नाही. कुणीतरी मध्येच म्हणालं, मग केळीची पानं आणू, जळगावात काय पानांचा दुष्काळ आहे का? नाना त्यावरही तयार नव्हते. ज्याच्या घरी ताट आहे त्याने पान कशाला कापायचं, हे त्यांचं म्हणणं.

आतल्या खोलीतून ताई बाहेर आली. मी नानींजवळ बसले होते, म्हणून सगळं पाहिलं. ती एरवी शांत मुलगी, पण त्या दिवशी भर बैठकीत बोलली.

"नाना, मनं लगीन शे. तुमना प्रयोग नही."

नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, सोडला हट्ट. पण थोड्या वेळाने त्यांनी तोडगा काढला. वऱ्हाडाने काही आणायचं नाही. गल्लीतली माणसं प्रत्येकी दोन ताटं आणतील, एक आपलं आणि एक पाहुण्याचं. व्याही तयार झाले. ताई झाली नाही. लग्नापर्यंत ती वडिलांशी कामापुरतंच बोलली. लग्न मोडलं असतं तर, हे वाक्य तिने नानींना एकदा बोलून दाखवलं आणि अर्धंच सोडलं.

नानांचा स्वभाव तपासणीचा. ताटांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी बाजारातून भांड्यांवर नावं घालणाऱ्या चाचांना मशीनसकट गल्लीत आणून बसवलं. निंबाखाली खुर्ची, वायर नानांच्या खिडकीतून. ज्याच्या ताटावर नाव नाही त्याने घालून घ्यायचं. चाचा मान खाली घालून टर्र टर्र करत बसले आणि गल्लीतल्या यच्चयावत ताटांच्या काठावर ठसठशीत नावं उमटली. माझ्याही दोन ताटांवर. समोरच्या अक्का तेवढ्या आल्या नाहीत, त्यांच्या ताटावर पूर्वीचंच नाव होतं, त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं. "पाव्हनासाठी हाईच देस," त्या म्हणाल्या होत्या. "चांगलं ताट पाव्हनाले."

लग्न लागलं. वैशाखाचं ऊन असं की ताटं मंडपाबाहेर ठेवली असती तर बट्ट्या त्यांच्यावरच भाजल्या असत्या. पंगती उठल्या, वरण, वांग्याची भाजी, तूप, कुठे काही वाकलं नाही, सांडलं नाही. लॉनवर कागदाचा कपटा नव्हता. लॉनचा मालक कोपऱ्यात उभा राहून पाहत होता. कन्यादान करायचं म्हणून नाना सकाळपासून उपाशी होते, त्यांचं पिवळं ताट पिशवीत घालून मंडपाच्या खांबाला टांगलेलं होतं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही.

निघताना ताई सगळ्यांच्या गळ्यात पडली. नानांच्या फक्त पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. नाना गाडीच्या काचेला हात लावून उभे होते, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या नानींचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताटं चांगली जाडजूड दिली हो विहीणबाई." नानी रडत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी बाया ताटं घासायला बसल्या तेव्हा उलगडा झाला. निम्मी ताटं नव्हती.

इथे एक सांगते. आमच्याकडे लग्नात भांडं भेट द्यायचं तर देणारा त्यावर आपलं नाव घालून देतो. वऱ्हाडाने जेवताना काठावर नाव पाहिलं. ताजं, ठसठशीत, 'अमुक तमुक, जळगाव'. मुलीकडच्यांनी मानपान म्हणून प्रत्येकाला ताट दिलंय, तेही भांडेवाल्या सोयऱ्याला शोभेल असं, हे त्यांना सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी ताटं स्वच्छ धुतली, पुसली, पिशव्यांत घातली आणि बसमध्ये बसले. गल्लीने नावं घातली नसती तर एकही ताट गेलं नसतं. नानांची पिशवीही खांबावर नव्हती. तीही त्याच गठ्ठ्यात गेली असणार, असं सगळ्यांनी धरलं.

पुढचे दिवस नानांना गल्लीतून चालणं अवघड झालं. ओट्यावरून कुणीतरी हाक मारायचंच, "नाना, मनं ताट कोठे गयं?" काही थट्टेने, काही खरोखर. मी म्हटलं, एक फोन करा, गैरसमज झाला म्हणा.

"त्या मानपान म्हनीसन लई गयात," नाना म्हणाले. "आते परत मांगं तर मनी आंडेरले मान वर करता येई का तठे?" आंडेर म्हणजे लेक.

त्यांनी दुकानातून नवी ताटं आणून घरोघर दिली. बहुतेकांनी घेतली. अक्कांनी ताट हातात धरलं, फिरवून काठ पाहिला आणि परत दिलं.

"नवं ताट माले काय करानं शे, नाना? मना धनीनं नाव शे का याले?"

नाना घरी आले आणि नानींना म्हणाले की मी उद्या सोनगीरला जातो. सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळी परत आले. मी जिन्यातच गाठलं. मागितलं का? नानांनी नाही अशी मान हलवली. मग पायरीवर बसून जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. दुपारी त्यांना जेवायला वाढलं ते नेमकं अक्कांच्या ताटात. व्याही समोर, विहीणबाई वाढायला, ताई दाराशी. वरण सरकलं तसं काठावरचं नाव दिसायला लागलं. नानांनी जेवण संपवलं. ताट रिकामं झालं तेव्हा न राहवून त्याच्यावर टिचकी मारली. हात धुतला आणि निघाले.

"ताई काही बोलली?" मी विचारलं.

"पाणी दिलं," नाना म्हणाले. "बोलली नाही."

पण ती टिचकी तिने ऐकली होती. आणि बाप काठाकडे किती वेळ बघत होता तेही तिने पाहिलं होतं. नाना गेल्यावर तिने ते ताट घासायला घेतलं, नाव वाचलं आणि सासूला सगळं सरळ सांगून टाकलं. नंतर ती मला म्हणाली की नव्या घरात पहिली गोष्ट सांगायची ती अशी. सासू आधी डोळे विस्फारून बघत राहिली आणि मग इतकी हसली की दुकानातून सासरे आत आले. सासऱ्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, भांड्यांच्या धंद्यातली माणसं आम्ही, आणि लोकांच्या घरची वापरती ताटं उचलून आणली? त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः गावभर फिरून, पाव्हण्यारावळ्यांना निरोप धाडून ताटं गोळा करायला घेतली.

आठवडाभराने नानींच्या फोनवर ताईचा फोन आला. सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं होतं. "आणि ताटं आणू नका म्हणावं," ती म्हणाली. "त्यांची ताटं आठेच शेतस."

आम्ही बस करून गेलो. सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, दुकानामागच्या अंगणात पंगत मांडली होती आणि प्रत्येक पाटासमोर ताट, काठावरचं नाव समोर येईल असं. माणसं आपापलं नाव शोधत फिरत होती, शाळेच्या निकालाच्या दिवशी मुलं फिरतात तशी. अक्कांना त्यांचं ताट विहीणबाईंनी हाताला धरून दाखवलं. अक्का बसल्या आणि कितीतरी वेळ ताटात काही वाढूच देईनात. माझं नाव मला सापडलं तेव्हा मलाही उगाचच भरून आलं.

नानांना मात्र जागा सापडेना. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सगळे बसले तरी ते उभेच. व्याह्यांनी दुकानातून पितळेचं नवंकोरं ताट आणवलं, नाना नको नको म्हणत होते. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात पिवळं ताट होतं. हिरवं ठिगळ लांबूनही दिसत होतं.

ते वऱ्हाडाने नेलेलंच नव्हतं. गाडीत बसायच्या आधी तिनेच खांबावरची पिशवी काढून घेतली होती. बापाशी एक शब्द न बोलता निघालेल्या पोरीने.

तिने ते पाटासमोर ठेवलं आणि स्वतः वाढलं. नाना जेवले. सगळ्या पंगतीत त्यांचं जेवण सर्वांत शेवटी संपलं. हात धुऊन त्यांनी सवयीने ताट उचललं, पुसलं आणि पिशवी मागितली.

"पिशवी नही मिळाव," ताई म्हणाली. "हाई ताट आठेच ऱ्हाई. मी रोज यामाच जेवस."

जी वस्तू जिथली, ती तिथे परत गेली पाहिजे, हे उभ्या गल्लीला शिकवणारे नाना. ते ताट हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी बुडावर एक टिचकी मारली, कान जवळ नेला आणि ते लेकीच्या हातात दिलं.

"अजून भलतं टिकी," ते म्हणाले. ताईने ताट तसंच धरून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

लॉनच्या मालकाने शब्द पाळला, म्हणजे त्याच्या परीने पाळला. त्याने स्टीलची ताटं घेतली, धुवायला बाया ठेवल्या आणि दारावर पाटी लावली, 'पर्यावरणपूरक विवाहसोहळे', भाडं वाढवून. नाना ती पाटी वाचून खूप हसले. सकाळचा धूर मात्र पुष्कळ कमी झाला, आणि नानींचा खोकलाही. नाल्यात अजून कुठून कुठून कचरा येतो, नाही असं नाही.

सोनगीरहून परतताना बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर ताट होतं. रस्ता खराब, त्यामुळे धक्का बसला की सगळी बस खणखणायची. नाना माझ्या शेजारी, खिडकीजवळ बसले होते. अख्ख्या बसमध्ये त्यांचेच हात रिकामे होते, आणि ते हात त्यांनी मांडीवर असे ठेवले होते की जणू त्यांत काहीतरी सांभाळून न्यायचं आहे.